लंगडीचा सातवा ठोका

शार्दूल आला तेव्हा मी मागाखाली उताणी पडले होते. तोंडात नट धरलेला, कोपरापर्यंत ग्रीस, आणि शेडच्या दारातून दोन पांढरेशुभ्र बूट आत आले. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये पांढरे बूट घालून कुणी येत नाही. दोन मिनिटांत त्यांच्यावर कापसाची लव बसते आणि तेलाचे डाग तर काही केल्या जात नाहीत. मला बरं वाटलं.

"सुवर्णा आहे का?" बूट म्हणाले.

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. चार वर्षं कॉलेजच्या पोरापोरींच्या मोबाईलवर तो ऐकत आले होते, माझंच गाणं म्हणताना. मी तोंडातला नट काढला.

"आहे. बोल."

"अगं, खाली काय करतेस?"

"पोट भरायलेय."

तो उकिडवा बसला आणि मला त्याचा चेहरा दिसला. दाढी कोरलेली, कानात बाळी. शिरगुप्पे हे बापजाद्यांचं आडनाव त्यानं वाटेत कुठल्यातरी स्टेशनात उतरवून ठेवलं होतं. आता तो नुसता 'शार्दूल एस' होता.

"ऐक ना. जानेवारीत पुण्यात मोठा कार्यक्रम आहे माझा. तीन हजार लोक येतील. आणि आयोजकांना स्टेजवर खराखुरा माग हवाय. लंगडी अजून चालते ना?"

चार वर्षांनी आला होता आणि चौकशी केली ती मागाची. मी कशी आहे, हे त्यानं जाईपर्यंत विचारलं नाही.

लंगडी म्हणजे आमच्या चार मागांतला सगळ्यांत जुना माग. विणलेलं कापड पुढे ओढणाऱ्या त्याच्या एका चाकाचा दात मी शाळेत असताना अण्णांच्या हातून तुटला. तेव्हापासून सहा ठोके सरळ पडायचे आणि सातव्याला माग अडखळायचा. अर्धा श्वास घेतल्यासारखा थांबायचा आणि मग पुढे. दर सातव्या धाग्याला कापडावर केसाएवढी रेघ उमटायची, म्हणून लंगडीवर आम्ही पुसायची फडकीच विणायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातले नावाजलेले जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. डॉक्टरच्याच घरात लंगडं पोर, म्हणून लोक त्यांना चिडवायचे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आमचा तिघांचा बँड होता. शार्दूलचा आवाज, इम्तियाज बागवानचा बेस, माझी गिटार. ड्रम नव्हता. गिटार जोडायला गणपती मंडळाचा फाटक्या पडद्याचा स्पीकर होता, त्यातून सूर खरखरत बाहेर पडायचा. आधी आम्हाला त्याची लाज वाटायची, मग तोच आवडायला लागला. एका दुपारी मी लंगडीशेजारी बसून वाजवत होते, आणि सातव्या ठोक्याला माझा हात आपोआप थांबला. तिची आणि माझी गाठ पडली ती तिथं. गाण्याची चाल त्या थांबण्यातून निघाली. शब्द शार्दूलनं आणि मी मिळून लिहिले. आवाज त्याचा फार चांगला होता, खोटं कशाला बोलू.

"ह्या गाण्याला म्हनायचं तरी काय?" अण्णांनी विचारलं होतं.

"इंडी म्हणतात, अण्णा."

"इंडी? विजापूरच्या पल्याडचं? तिथली लिंबं चांगली असत्यात."

"तसलं नव्हे. कंपनी नसलेलं, मालक नसलेलं गाणं. आपलं आपण करायचं. आवाज चिरकला तर चिरकू द्यायचा. चूक झाली तर झाकायची नाही."

"चूक झाकायची न्हाईच. दुरुस्त करायची असती," अण्णा म्हणाले. पण त्यांनी लंगडीसाठी एमआयडीसीतल्या लेथवर नवंकोरं चाक करून आणलं होतं, ते बसवलं नाही. तेलाच्या कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. "तुमचं गाणं हाय तवर ऱ्हाऊ दे तिला लंगडी."

छताच्या हुकाला सुतळीनं मोबाईल टांगून आम्ही ते गाणं एका दमात रेकॉर्ड केलं. नीट ऐकलं तर त्यात अण्णांचा खोकलाही आहे.

मग शार्दूल 'दोन महिन्यांसाठी' पुण्याला गेला. गाणं इंटरनेटवर आलं ते एकट्याच्या नावानं. माझी गिटार होती तशीच, अण्णांचा खोकलाही होता तसाच, फक्त आम्ही नव्हतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. फोन केले, उचलले नाहीत. वर्षभरानं इम्तियाजनं पुण्याहून पेपरातलं कात्रण पाठवलं. शार्दूलची मुलाखत. अर्ध्या मात्रेच्या 'थांब्याचा शोध' त्याला कसा लागला, यावर अर्धा रकाना. आणि खाली एक ओळ: 'शेडच्या मालकांची मुलगी आम्हाला तालमीला चहा आणून द्यायची, ते दिवस विसरता येत नाहीत.'

ते कात्रण मी हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. गिटार माळ्यावर टाकली आणि अण्णांच्या हाताखाली जॉबरचं काम शिकले. बाई जॉबर म्हणून लोक हसले, मग बोलवायला लागले. रोज सकाळी पाना घ्यायला कपाट उघडायचं आणि ती ओळ वाचायची. तीन वर्षं. देवाला उदबत्ती लावायला मी विसरले असेन, ती ओळ वाचायला नाही.

तर मी मागाखालून बाहेर आले, फडक्याला हात पुसले.

"आणते लंगडीला. एक अट हाय."

"बोल ना."

"गाणं सुरू व्हायच्या आधी माईकवर सांगायचं. गाणं तिघांचं. गिटार माझी, ठोका अण्णांच्या लंगडीचा. बास."

"एवढंच? अगं, ते तर मी म्हणणारच होतो." त्यानं छातीवर हात ठेवला. "शप्पथ."

सैल नट सगळ्यांत आधी फिरतो, हे मला जॉबरकीनं शिकवलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी हत्यारांच्या पिशवीत तो बिस्किटाचा डबाही टाकला. शार्दूल शब्द पाळेल असं मला वाटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यानं पाळू नये, असंही आतून वाटत होतं.

टेम्पोतून लंगडी पुण्याला नेली. कॉलेजच्या मैदानावर स्टेज होतं, मागे काळा पडदा. चार माणसांनी माग फळ्यांवर बसवून दिला, अण्णांनी वीज जोडून घेतली आणि दुपारी दोन वाजता आवाजाची चाचणी झाली. शार्दूलच्या सोबतीला भाड्याचे वादक होते. सगळे रेकॉर्डिंग ऐकून घोटून आलेले. लंगडी सुरू केली. सहा ठोके, थांबा, सातवा. सगळे बरोबर तिच्यासोबत अडखळले. मी केलेले सूर एक परका पोरगा वाजवत होता आणि छान वाजवत होता. मला ते सहन होईना. मी मागाच्या पट्ट्याकडे बघत उभी राहिले.

ड्रमवाला मुंबईचा, दाढीवाला, कमी बोलणारा माणूस होता. चाचणी संपल्यावर तो मागापाशी येऊन वाकला.

"हा असा अडखळतो का?"

मी तोंड उघडायच्या आत शार्दूल म्हणाला, "जुनी मशीन आहे रे. म्हातारी झाली की लंगडणारच."

चार वर्षं त्या थांब्यावर तो मुलाखती देत होता आणि लंगडी का लंगडते, हे त्यानं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला.

"हे बघ सुवर्णा, एकदा माग सुरू केलास की शेवटपर्यंत थांबायला नको. मी नाचीन, ओरडेन, लोळेन. तू हात लावायचा नाहीस."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी."

चार वाजता अण्णा खाली मांडवात पोहे खायला गेले. मी पडद्यामागे मागाला तेल घालत होते. पडद्याच्या पलीकडे खुर्च्या ओढल्याचा आवाज आला आणि कुठल्याशा चॅनेलची मुलगी शार्दूलला प्रश्न विचारायला लागली. मधे नुसतं कापड. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आणि मागावर ती बाई आहे, ती कोण?"

"ती माझ्या गावची. वडील कारागीर आहेत तिचे. अगदी साधी माणसं. आम्हाला तालमीला चहा आणून द्यायची ती. म्हटलं, तिलाही एकदा स्टेज बघू दे."

"किती छान!" मुलगी म्हणाली.

तो चहा एक दिवस मी करायची, एक दिवस इम्तियाज. शार्दूलनं आयुष्यात कधी केला नाही. कपबशीसुद्धा विसळली नाही.

मी पिशवीतून डबा काढला. पाना काढला. कामाला पंधरा मिनिटं लागली, आणि त्या पंधरा मिनिटांत माझे हात जेवढे स्थिर होते तेवढे पुढे कधी राहिले नाहीत. शेवटचा बोल्ट आवळताना मनाशी ठरवलं, अजूनही यानं माईकवर आमची नावं घेतली तर माग बिघडला म्हणून सांगायचं आणि हँडल ओढायचं नाही. एवढी एक वाट मी त्याच्यासाठी मोकळी ठेवली. तेवढी माणुसकी माझ्यात होती, हे लिहून ठेवलेलं बरं.

सहा वाजता मैदान भरलं. उजेड अजून होता, चेहरे दिसत होते. अण्णा स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसले होते, इस्त्रीची टोपी घालून. शार्दूलनं आधी तीन गाणी म्हटली, मग माईक हातात घेऊन पुढे आला. 

"हे गाणं," तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या गावात, एका शेडमध्ये, मी एकट्यानं बसून केलं."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. शार्दूलनंही वळून बघितलं, गोड हसला आणि हात केला.

"चल, सुवर्णा!"

नाव घेतलं त्यानं माझं. तेवढ्यापुरतंच.

मी हँडल ओढलं.

लंगडी सुरू झाली. सहा ठोके पडले आणि सगळे वादक सवयीनं थांबले. लंगडी थांबली नाही. सातवा ठोका वेळेवर पडला, आठवा पडला, धोटा इकडून तिकडे सरळ धावला. वादक अर्ध्या ठोक्यानं मागे राहिले. दुसऱ्या फेरीत एका ठोक्यानं. तिसऱ्या फेरीला गिटारवाल्या पोराची बोटं कुठच्या कुठे गेली आणि शार्दूलनं पहिली ओळ सुरू केली ती भलत्याच जागी. तो थांबला, पुन्हा सुरू केली, पुन्हा चुकली.

दाढीवाल्यानं एकदा मागाकडे पाहिलं, नव्या चाकावर त्याची नजर गेली, मग माझ्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजला तो. त्यानं जुनं सगळं सोडलं आणि लंगडीच्या ठोक्यावर ठोका ठेवून सरळ वाजवायला लागला. बेसवाला त्याच्यामागे गेला. मग गिटारवाला पोरगा. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. कुणीतरी टाळी धरली आणि बघता बघता सगळं मैदान लंगडीच्या तालावर टाळ्या वाजवायला लागलं. तीन हजार माणसं, तीन वादक आणि एक माग सरळ चालत होते. शार्दूल एकटा लंगडत होता.

त्यानं वळून मला गळ्यावरून हात फिरवत खूण केली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. तो माईक घेऊनच माझ्याकडे धावला.

"थांबव!"

"काही झालं तरी हात लावायचा नाही म्हणालास."

"आगं थांबीव की भवाने, काय करून ठेवलंयस ह्ये!"

चार वर्षांची पुणेरी एका दमात गळून पडली, आणि माईक सुरू होता. मैदान असं हसलं की लंगडीचा आवाजही क्षणभर बुडाला. पुढच्या रांगेतून कुणीतरी 'भवाने' म्हणून ओरडलं आणि पुन्हा हशा. शार्दूल हँडल शोधत होता. माग हातभर अंतरावर धडधडत होता आणि त्याला हात कुठं लावायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. पांढरे बूट दोन पावलं पुढे गेले, दोन पावलं मागे आले. शेवटी त्यानं माईक खाली टाकला आणि पडद्यामागे निघून गेला.

तो गेला तरी वादक थांबले नाहीत. आणखी चारपाच मिनिटं ते आणि लंगडी वाजत राहिले, पोरंपोरी नाचत राहिली. मग मी हँडल मागे ढकललं. अशा टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत, आणि त्या माझ्यासाठी आहेत हे तिथं कुणाला माहीतही नव्हतं. मला चाललं.

तो पडद्यामागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. डोळे लाल. आयोजकांपैकी एकजण फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता. मी थर्मास नेला होता घरून. कपात चहा ओतला, त्याच्यापुढे ठेवला. आणि शेजारी ते जुनं चाक ठेवलं, तळहाताएवढं, ग्रीसनं माखलेलं.

"हे काय?"

"तुझं गाणं."

त्याला कळेना.

"एकट्यानं केलंस ना? मग घे की तुझं तू. एक दात तुटलाय, सांभाळून धर." मी पिशवी उचलली. "आणि चहा घे. गार होतोय."

रात्रीच टेम्पोनं आम्ही परत निघालो. कात्रजचा घाट गेला, सातारा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तर अण्णांनी स्टेजवर विणलं गेलेलं कापड उलगडून मांडीवर घेतलं होतं. ते अंगठा फिरवत होते. रेघ, रेघ, रेघ. एका जागी अंगठा थांबला. तिथून पुढे कापड सपाट होतं.

"हितं बदललंस व्हय?"

"हितंच."

ते किती वेळ ती जागा चाचपत राहिले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"घट्ट बसवलंयस," ते म्हणाले. "मी बाजूला बसून ऐकायलो होतो. कुठं खडखड न्हाई." मग कापडाची घडी घातली. "आता फडकी कशाला, धोतराचं पान निघंल हिच्यावर."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. शार्दूलनं ते गाणं पुन्हा स्टेजवर म्हटलं नाही, असं इम्तियाज सांगतो. आता तो जाहिरातींना चाली लावतो म्हणे. ते चाक त्यानं ठेवलं की फेकलं, ठाऊक नाही.

घरी आल्यावर मी माळ्यावरून गिटार काढली होती. लंगडीशेजारी बसून वाजवून पाहिलं. ती सरळ चालत होती आणि माझं गाणं तिच्यावर कुठेच बसेना. आठवडाभर झटले. शेवटी अण्णांना म्हटलं, नव्या चाकाचाही एक दात तोडून द्या.

"न्हाई," ते म्हणाले. "तुटल्यालं ऱ्हाऊ दिलं ते येगळं. हातानं तोडायचं न्हाई मी."

मी काय केलं होतं ते मला त्या वेळी कळलं. त्याच्या हातून गाणं काढून घेतलं होतं खरं, पण माझ्या हातात ठेवायला मागे काही उरलं नव्हतं.

वाईट वाटतं का, असं इम्तियाज अजून विचारतो. गाण्याचं वाटतं. शार्दूलचं नाही. तो उद्या पुन्हा पांढरे बूट घालून दारात उभा राहिला, तर पुन्हा त्याला लंगडी देईन आणि पुन्हा पंधरा मिनिटांत चाक बदलीन. ते कात्रण मात्र मी पुण्याहून आले त्याच दिवशी कपाटावरून काढून टाकलं.

अण्णा गेले त्याला तीन वर्षं झाली. लंगडीला गावात अजून लंगडीच म्हणतात, नव्या कामगारांना नावाचं कारण कळत नाही. तिच्यावर एकही रेघ नसलेलं कापड निघतं. ती सुरू असली आणि मी शेजारून जात असले, की सहा पावलांनंतर माझा पाय थबकतो. ती थांबत नाही.